अब्जात तीनांचा हिशेब

२०१५ च्या मे महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत लार्ज हेड्रॉन कोलायडर, म्हणजे एलएचसी, हे यंत्र आहे. त्यावरच्या सीएमएस आणि एलएचसीबी या दोन प्रयोगांनी आपापली आकडेवारी एकत्र करून तो निबंध लिहिला होता. दावा थोडक्यात असा, की ‘बीएस मेसॉन’ नावाचा अल्पायुषी कण क्वचित कधीतरी फुटतो तेव्हा त्यातून फक्त दोन म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद, बाहेर पडतात, आणि हा क्षय आता निर्विवादपणे आढळला आहे. क्वचित म्हणजे किती? शंभर कोटी बीएस मेसॉन फुटले तर त्यांतले तीनेक असे फुटतात. अशी बातमी वाचताना कोणालाही वाटते, की पडद्यावर नजर लावून बसलेल्या शास्त्रज्ञांना एके दिवशी तो दुर्मीळ क्षण सापडला असेल. तसे काही घडलेले नसते. त्या साऱ्या नोंदींतल्या एकाही नोंदीवर बोट ठेवून ‘हाच तो क्षय’ असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरीही निष्कर्ष पक्का मानला गेला आणि पुढच्या दहा वर्षांत तो आणखी पक्का झाला. हे कसे शक्य होते? माझे म्हणणे असे, की दुर्मीळ क्षयाच्या शोधाची सारी मदार हिशेबावर असते. एकूण कण किती निर्माण झाले, त्यांत तोतये किती मिसळले आणि उत्तर पाहण्याआधी संशोधकांनी आपले हात कसे बांधून घेतले, हा तो हिशेब. तो चोख असेल तर एकही घटना निःसंशय नसताना निष्कर्ष निःसंशय ठरू शकतो. तो कच्चा असेल तर लक्षवेधी घटनाही कुचकामी ठरते.

आधी हा क्षय इतका दुर्मीळ का, ते पाहू. बीएस मेसॉन दोन घटकांचा बनतो. त्यात एक बॉटम जातीचा क्वार्क असतो आणि दुसरा स्ट्रेंज जातीचा, आणि दोघांपैकी एक प्रतिकण असतो. या मेसॉनचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे पावणेसहा पट असते आणि सरासरी आयुष्य सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या दीडपट. फुटण्याचे मार्ग त्याला पुष्कळ आहेत. दोन म्युऑनांच्या मार्गात मात्र तीन अडथळे आहेत. पहिला अडथळा असा, की या क्षयासाठी बॉटम क्वार्कने विद्युतभार न बदलता स्ट्रेंजमध्ये रूपांतरित व्हायला हवे. मूलकणांच्या सध्याच्या सिद्धांतात, म्हणजे स्टँडर्ड मॉडेलमध्ये, असा सरळ रस्ताच नाही. क्षणमात्र अवतरणाऱ्या टॉप क्वार्क आणि डब्ल्यू बोसॉन या अवजड कणांच्या मदतीने वळसा घेऊनच हे साधते, आणि वळशाच्या वाटेची शक्यता फार कमी असते. दुसरा अडथळा म्हणजे टॉप आणि स्ट्रेंज क्वार्कांमधला दुवा मुळातच क्षीण आहे. त्याचे मापन ०.०४ च्या आसपास येते. तिसरा अडथळा सर्वांत नजाकतीचा. बीएस मेसॉनला स्वतःची फिरकी (स्पिन) नसते, त्यामुळे विरुद्ध दिशांना जाणाऱ्या दोन म्युऑनांच्या फिरक्या एकमेकींना खोडून बेरीज शून्य व्हावी लागते. त्यासाठी दोघांनाही एकाच हाताची फिरकी हवी, दोघांची डावी नाहीतर दोघांची उजवी. पण क्षीण आंतरक्रिया कणाला डाव्या आणि प्रतिकणाला उजव्या हाताची फिरकी देते. म्युऑनला वस्तुमानच नसते तर या पेचातून सुटका नव्हती. त्याला थोडे वस्तुमान आहे म्हणून थोडी सवलत मिळते. ही सवलत म्युऑन आणि मेसॉन यांच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकी, म्हणजे अडीच हजारांत एक, एवढीच असते. इलेक्ट्रॉन म्युऑनपेक्षा दोनशे पटींनी हलका असल्यामुळे दोन इलेक्ट्रॉनांत फुटणे तर आणखी चाळीसएक हजार पटींनी दुर्मीळ होते. हे तिन्ही अडथळे गणितात धरले की सिद्धांताचे उत्तर येते अब्जात ३.७ च्या जवळपास, आणि त्या उत्तरातली अनिश्चितता अवघी चार-पाच टक्के आहे.

इतक्या दुर्मीळ गोष्टीच्या मागे लागायचे कशाला, हा प्रश्न इथे कोणीही विचारील. उत्तर त्या दुर्मीळपणातच आहे. जिथे ज्ञात कणांचा वाटा जवळजवळ पुसला गेलेला असतो, तिथे एखाद्या अज्ञात कणाचा लहानसा वाटाही उठून दिसतो. तो कण इतका जड असू शकतो, की कोणत्याही यंत्रात तो प्रत्यक्ष निर्माण होणार नाही. तरी वळशाच्या वाटेत त्याची क्षणभराची हजेरी पुरते आणि क्षयाचे प्रमाण बदलते. हा नुसता आशावाद नाही, कारण असे पूर्वी घडलेले आहे. १९६० च्या दशकात तीनच क्वार्क मानले जात होते. तेवढ्यांवर भागवले तर उदासीन केऑन हा कण दोन म्युऑनांत बऱ्याचदा फुटायला हवा होता, पण प्रयोगांत तो तसा फुटताना आढळत नव्हता. १९७० मध्ये शेल्डन ग्लॅशो, जॉन इलिओपोलस आणि लुचानो मायानी यांनी सुचवले, की चौथा क्वार्क असेल तर त्याचा वाटा अप क्वार्कचा वाटा जवळजवळ खोडून काढतो आणि हा क्षय आपोआप दुर्मीळ होतो. नोव्हेंबर १९७४ मध्ये ब्रुकहेवन आणि स्टॅनफर्ड येथील दोन स्वतंत्र प्रयोगांत ‘जे-साय’ हा कण सापडला. तो चौथ्या, म्हणजे चार्म क्वार्कचा आणि त्याच्याच प्रतिक्वार्कचा जोड निघाला. एक क्षय दिसत नाही, एवढ्यावरून एका नव्या क्वार्कचे भाकीत झाले आणि चार वर्षांत ते खरे ठरले. केऑनचा तो क्षयही पुढे सापडला, अब्जात सुमारे सात या प्रमाणात. बीएस मेसॉनकडून अशीच अपेक्षा होती. महासममितीच्या (सुपरसिमेट्रीच्या) काही प्रारूपांत जादा हिग्ज कण असतात आणि त्यांना वर सांगितलेला फिरकीचा अडथळा लागू होत नाही. त्या प्रारूपांनुसार या क्षयाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढायला हवे होते. म्हणूनच १९८४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेलच्या क्लिओ प्रयोगाने बी मेसॉनांच्या, म्हणजे बॉटम क्वार्क असलेल्या मेसॉनांच्या, अशा क्षयाचा पहिला शोध घेतला, तेव्हापासून तीस वर्षे एकामागून एक प्रयोग या पाठलागात उतरले.

आता प्रत्यक्ष मोजणीकडे येऊ. एलएचसीच्या २७ किलोमीटर परिघाच्या वर्तुळात प्रोटॉनांचे पुंजके समोरासमोर धावतात. २०१२ मध्ये ते एकमेकांतून दर सेकंदाला सुमारे दोन कोटी वेळा पार होत होते, पुढे हा वेग दुप्पट झाला. बॉटम क्वार्क निर्माण व्हायला प्रोटॉनांच्या शेकडो टकरींतली एखादीच कारणी लागते. सीएमएसमध्ये एका पुंजक्यागणिक विसेक टकरी एकदमच होत, आणि त्या साऱ्यांचे कण एकमेकांत मिसळून बाहेर पडत. एवढी माहिती साठवणे अशक्य असल्यामुळे ‘ट्रिगर’ ही गाळणारी यंत्रणा लागते. सीएमएसमध्ये तिचा पहिला टप्पा काही मायक्रोसेकंदांत निर्णय घेतो आणि सेकंदाला फार तर एक लाख घटना पुढे सोडतो. दुसरा टप्पा संगणकांचा. २०१२ मध्ये त्यातून सेकंदाला काही शेच घटना कायमच्या नोंदवल्या जात, बाकी सर्व त्याच क्षणी पुसल्या जात. यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. तुम्हीच ठरवलेल्या चाळणीतून जे उरले ते तुम्ही मोजता, मग निसर्गाचे मोजमाप झाले की चाळणीचे? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. त्यावर पहिले उत्तर असे, की चाळणीचे नियम आधी लिहिलेले असतात आणि त्या चाळणीतून खरा क्षय किती वेळा निसटेल हे स्वतंत्रपणे मोजता येते. तीच चाळणी ओलांडणारे, ज्यांचे प्रमाण आधीच ठाऊक आहे असे क्षय नोंदींत मुबलक असतात. दुसरे उत्तर यंत्रणेतल्या बदलाचे आहे. एलएचसीबीने २०२२ पासून सुरू झालेल्या नव्या टप्प्यात हार्डवेअरचा पहिला टप्पाच काढून टाकला. आता प्रत्येक पुंजक्याची पूर्ण माहिती संगणकांपर्यंत जाते आणि तिथे निवड होते. चाळणी बदलूनही उत्तर तेच आले तर आक्षेपात फारसा दम उरत नाही.

गाळून उरलेल्या एका नोंदीत काय असते, तेही जवळून पाहण्यासारखे आहे. एलएचसीबीच्या पहिल्या दोन टप्प्यांत ‘व्हेलो’ नावाच्या सिलिकॉनच्या पट्ट्या प्रोटॉनांच्या झोतापासून अवघ्या ८ मिलिमीटरवर येत. झोत स्थिर होईपर्यंत त्या मागे सरकवून ठेवत, नाहीतर भरकटलेल्या झोताने त्यांची राखरांगोळी झाली असती. इतक्या जवळ जायचे कारण असे, की बीएस मेसॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने जात असल्यामुळे काळ लांबतो आणि फुटण्यापूर्वी तो साधारण एक सेंटिमीटर अंतर कापतो. टक्कर झाली त्या बिंदूपासून थोडे पुढे, जिथे काहीच नसायला हवे, तिथून दोन रेषा फुटलेल्या दिसल्या तर संशय घ्यायला जागा असते. त्या दोन रेषा चुंबकाच्या क्षेत्रात किती वाकल्या यावरून संवेग कळतो. जाड लोखंडी भिंती पार करून त्या पलीकडे पोचल्या तर ते कण बहुधा म्युऑन, कारण बाकीचे बहुतेक कण लोखंडात अडकतात. शेवटी दोघांची ऊर्जा आणि दिशा यांवरून मूळ कणाचे वस्तुमान काढतात. बीएसचे वस्तुमान ५३६७ एमईव्ही (कणांचे वस्तुमान मोजण्याचे एकक) आहे. त्याचा भाऊबंद बी-शून्य ५२८० वर बसतो, आणि त्याचा दोन म्युऑनांतला क्षय तर याहून तीसेक पटींनी दुर्मीळ, दहा अब्जांत एक असा आहे. दोघांत फक्त ८७ एमईव्हीचा फरक, आणि एलएचसीबीच्या मोजमापातली धूसरता पंचविसेक एमईव्हीची. म्हणजे दोन शिखरे वेगळी काढता येतात, पण त्यांचे पायथे एकमेकांत शिरलेले असतात.

या वर्णनात ‘बहुधा’ हा शब्द आला, आणि खरी अडचण तिथेच आहे. दोन वेगळ्या बी कणांच्या क्षयांतून आलेले दोन खरे म्युऑन योगायोगाने एकाच बिंदूतून निघाल्यासारखे दिसू शकतात. बी मेसॉन म्युऑन, न्यूट्रिनो आणि आणखी एका कणात फुटला, न्यूट्रिनो न सापडता निसटला आणि उरलेल्या कणाला म्युऑन समजले गेले, असेही होते. सर्वांत घातक प्रकार तिसरा. बी मेसॉन दोन पायॉनांत किंवा केऑन आणि पायॉन अशा जोडीत फुटतो, ते वाटेतच स्वतः फुटून म्युऑन होतात, आणि हे तोतये नेमके बीएसच्याच आसपास वस्तुमान दाखवतात. पहिल्या प्रकारचे तोतये वस्तुमानाच्या आलेखात सपाट पसरतात, त्यामुळे शिखराच्या दोन्ही बाजूंचे मोजून मधल्यांचा अंदाज बांधता येतो. तिसऱ्या प्रकाराला हा उपाय चालत नाही. त्यासाठी पायॉन किती वेळा म्युऑन म्हणून खपतो हे वेगळ्या, ओळख पक्की असलेल्या नमुन्यांवरून मोजावे लागते. म्हणून या क्षेत्रात संशोधकांचा बहुतेक काळ तोतयांच्या अभ्यासात जातो. बाहेरच्याला हे कंटाळवाणे वाटेल, पण शिखराच्या आत खरे किती आणि खोटे किती, हे ठरवणारी दुसरी वाट नाही.

हिशेबाची दुसरी बाजू छेदाची आहे. अब्जात तीन म्हणायचे तर अंशात तीन मोजून भागत नाही, छेदातले अब्जही मोजावे लागतात. २०११ आणि २०१२ मध्ये दोन्ही प्रयोगांत मिळून सुमारे एक लाख कोटी बी मेसॉन निर्माण झाले, पण ते कोणी एकेक करून मोजले नाहीत. इथे एक साधी युक्ती उपयोगी पडते. काटा मारणाऱ्या दुकानदाराच्या तराजूवर गूळ आणि डाळ दोन्ही तोलली तर दोन्ही वजने चुकतात, पण गुळाच्या किती पट डाळ हे गुणोत्तर बरोबरच येते. त्याचप्रमाणे भारित बी मेसॉनचा जे-साय आणि केऑन यांत होणारा क्षय संदर्भ म्हणून घेतात. जे-साय पुढे दोन म्युऑनांत फुटतो, त्यामुळे ट्रिगरची, म्युऑन ओळखण्याची आणि मार्गरेषा जुळवण्याची बहुतेक चूक दोन्ही क्षयांना सारखीच लागू होऊन भागाकारात उडून जाते. १९७४ मध्ये ज्या कणाने केऑनच्या दुर्मीळ क्षयावरचे भाकीत खरे ठरवले, तोच आज दुसऱ्या दुर्मीळ क्षयाचे माप झाला आहे. या भागाकारातही एक खाच उरते. बॉटम क्वार्कला जोडीदार म्हणून स्ट्रेंज किती वेळा मिळतो आणि साधे हलके क्वार्क किती वेळा, याचे गुणोत्तर लागते. ते सुमारे एक चतुर्थांश आहे आणि ते सिद्धांतातून नेमके काढता येत नाही, वेगळे प्रयोग करून मोजावे लागते. बातमीत हा आकडा कधीच येत नाही. पण तो दहा टक्क्यांनी चुकला तर अब्जातले तीनही तेवढेच चुकतात. दुर्मीळ क्षयाच्या निबंधात छेदासाठी इतकी पाने का खर्ची पडतात, हे यावरून कळावे.

आता त्या मुख्य आक्षेपाकडे वळू, की एकही घटना निश्चित सांगता येत नसेल तर शोध लागला असे म्हणायचे कसे? यावर माझे उत्तर असे, की निश्चितता एका घटनेत शोधणेच चूक आहे. लसीने एका ठरावीक माणसाला वाचवले असे सिद्ध करता येत नाही, तरी लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत आजाराचे प्रमाण किती, यावरून तिचा गुण ठरतो आणि त्यावर कोणी हरकत घेत नाही. दुर्मीळ क्षयाचे ज्ञानही समूहाचे असते. तोतये धरून जितक्या नोंदी यायला हव्या होत्या त्याहून किती जास्त आल्या, आणि इतके जास्त निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता किती, हे दोन प्रश्न निर्णायक असतात. कण-भौतिकीत ही शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एक यापेक्षा कमी असेल, म्हणजे ‘पाच सिग्मा’ गाठले असतील, तरच शोध म्हणण्याचा प्रघात आहे. तीन सिग्मा, म्हणजे साधारण साडेसातशेत एक, याला नुसता पुरावा म्हणतात. शिवाय एक शिस्त पाळली जाते. वस्तुमानाच्या आलेखातला बीएसच्या आसपासचा भाग संशोधक स्वतःपासून झाकून ठेवतात. निवडीचे सारे निकष, तोतयांचे सारे अंदाज पक्के झाल्यावरच तो उघडतात. निकाल पाहून निकष बदलण्याचा मोह माणसाला होतोच, आणि तो मोह होऊ नये म्हणून हे झाकण असते. एलएचसीबीने नोव्हेंबर २०१२ मध्ये साडेतीन सिग्माचा पहिला पुरावा मांडला तो असाच. पुढच्या वर्षी सीएमएसला ४.३ आणि एलएचसीबीला ४.० सिग्मा मिळाले. दोघांपैकी कोणालाच एकट्याने पाचाची रेषा ओलांडता आली नाही, म्हणून आकडेवारी एकत्र केली आणि ६.२ सिग्मा आले. प्रमाण निघाले अब्जात २.८.

हा काटेकोरपणा फाजील वाटत असेल तर त्याच निबंधातला दुसरा आकडा पाहावा. बी-शून्य मेसॉनचा दोन म्युऑनांतला क्षयही तिथे मोजला होता. त्याचे प्रमाण आले दहा अब्जांत ३.९, म्हणजे सिद्धांताच्या अपेक्षेच्या जवळजवळ चौपट, आणि वजन तीन सिग्मांचे. दोन्ही आकडे एकाच यंत्रावर, त्याच माणसांनी, त्याच पद्धतीने काढलेले. त्यानंतर नोंदी वाढत गेल्या. एलएचसीबीने २०१७ मध्ये बीएसचा क्षय एकट्याने ७.८ सिग्मांनी सिद्ध केला. त्याचे प्रमाण एलएचसीबीच्या २०२१ च्या मोजमापात अब्जात ३.०९ आणि सीएमएसच्या २०२२ च्या मोजमापात ३.८३ आले. दोन्ही मोजमापे आपापल्या अनिश्चिततेत एकमेकांशी आणि सिद्धांताच्या ३.७ शी जुळतात. बी-शून्यचे ते शिखर मात्र विरघळले. सीएमएसच्या नव्या मोजमापाप्रमाणे ते प्रमाण दहा अब्जांत १.९ पेक्षा अधिक नाही, हे ९५ टक्के विश्वासाने सांगता येते. सहा सिग्मा टिकले आणि तीन सिग्मा बुडाले. त्याआधी २०११ मध्ये शिकागोजवळच्या फर्मिलॅबमधील सीडीएफ प्रयोगालाही बीएसच्या क्षयात अपेक्षेपेक्षा कित्येक पट जास्त नोंदी दिसल्या होत्या, त्याही टिकल्या नाहीत. यात कोणाची लबाडी नव्हती. थोड्या नोंदींत योगायोग मोठा दिसतो, इतकेच. पाच सिग्मांची रेषा त्यासाठीच आहे.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. सिग्मा फक्त योगायोगाची शक्यता सांगतात. हिशेबाची पद्धतच चुकली असेल तर नोंदी कितीही वाढवल्या तरी चूकच अधिक ठामपणे समोर येते. याचा दाखला एलएचसीबीच्याच घरातला आहे. बी मेसॉन केऑनसह दोन म्युऑनांत फुटतो आणि केऑनसह दोन इलेक्ट्रॉनांतही फुटतो. स्टँडर्ड मॉडेलप्रमाणे दोघांचे प्रमाण जवळजवळ सारखे हवे. मार्च २०२१ मध्ये ते गुणोत्तर ०.८५ च्या आसपास असल्याचे जाहीर झाले, वजन ३.१ सिग्मांचे. जगभर बातम्या झाल्या, शेकडो निबंध लिहिले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच प्रयोगाने अधिक कसून केलेले विश्लेषण मांडले आणि गुणोत्तर एकाशी जुळते निघाले. इलेक्ट्रॉन म्हणून खपलेल्या इतर कणांचा अंदाज आधी कमी धरला गेला होता. म्हणजे घोळ तोतयांचाच होता. यावरून मोजमापांवर विश्वासच ठेवू नये असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला तो पटत नाही. चूक बाहेरच्या टीकाकाराने पकडली नाही, ज्यांनी मूळ दावा केला त्यांनीच ती शोधून जाहीर केली, आणि ती तोतयांच्या रकान्यातच सापडली. मात्र या प्रकरणाचा धडा घ्यायला हवा, की एका प्रयोगाचे सिग्मा कितीही असोत, वेगळ्या घडणीच्या दुसऱ्या प्रयोगाची साक्ष लागतेच. केऑनच्या बाबतीतही हेच झाले होते. १९७१ मध्ये बर्कलेच्या एका प्रयोगाने केऑनचा दोन म्युऑनांतला क्षय सैद्धांतिक तळापेक्षाही कमी असल्याचे सांगितले आणि खळबळ उडाली. दोनच वर्षांनी दुसऱ्या प्रयोगात तो क्षय सापडला आणि ते कोडे निकालात निघाले. बीएसच्या क्षयाला अशी साक्ष मिळालेली आहे. सीएमएस टकरीच्या बिंदूला चहूबाजूंनी वेढते आणि प्रचंड नोंदी गोळा करते. एलएचसीबी एकाच दिशेला पसरलेले आहे आणि कमी नोंदींत अधिक बारकाई साधते. दोघांच्या उणिवा वेगळ्या, तरी उत्तर एक आले. पुढे ॲटलास या तिसऱ्या प्रयोगाचे मोजमापही त्याच्याशी सुसंगत निघाले. माझ्या लेखी ६.२ या आकड्यापेक्षा या जुळण्याचे मोल अधिक आहे.

शेवटचा आक्षेप खर्चाचा आणि फळाचा. तीस वर्षे शोधून उत्तर आले ते आधीच माहीत असलेल्या सिद्धांताशी जुळणारे, मग हाती काय लागले? नवा कण सापडला नाही, हे खरे आहे. पण या एका आकड्याने महासममितीच्या ज्या प्रारूपांत क्षयाचे प्रमाण मोठे यायला हवे होते ती प्रारूपे बाद केली किंवा त्यांना कोपऱ्यात ढकलले. जे कण थेट निर्माण करायला एलएचसीची ऊर्जाही पुरली नसती, त्यांच्यावरही या मोजमापाने मर्यादा घातल्या. शिवाय काम संपलेले नाही. सिद्धांतातली अनिश्चितता चार-पाच टक्के आहे, तर प्रत्येक प्रयोगातली अजून दहा टक्क्यांच्या वर. या दोन आकड्यांमधल्या फटीत नवे काही दडलेले असू शकते. बी-शून्यचा क्षय तर अजून कोणी सिद्धच केलेला नाही. बीएस आणि बी-शून्य यांच्या प्रमाणांचे गुणोत्तर सिद्धांत फार नेमके सांगतो, त्यामुळे तिथे थोडासाही फरक पडला तरी तो नव्या कणांची चाहूल ठरेल. एलएचसीची टकरींची तीव्रता वाढवण्याचे काम चालू आहे, आणि पुढच्या दशकात साठणाऱ्या नोंदी याच फटीसाठी आहेत. या कामात मुंबईचाही हात आहे. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था सीएमएस प्रयोगात सुरुवातीपासून आहे. चुंबकाच्या बाहेर निसटणारी कणवृष्टी मोजणाऱ्या बाह्य हेड्रॉन कॅलरीमीटरच्या प्लॅस्टिक सिंटिलेटर पट्ट्या तिच्या पुढाकाराने भारतात घडल्या, आणि सीएमएसच्या नोंदींवर प्रक्रिया करणाऱ्या जागतिक संगणक-जाळ्याचे एक केंद्र तिच्या आवारात चालते. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्यही आहे. त्यामुळे या प्रयोगांवरचा खर्च आणि त्यांचे निकाल हा आपल्याही आस्थेचा विषय आहे.

‘अतिदुर्मीळ क्षय सापडला’ किंवा ‘सिद्धांताला तडा’ असे मथळे यापुढेही येत राहतील. वाचकाने अशा वेळी सिग्मांचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये आणि शास्त्रज्ञ रोज शब्द फिरवतात म्हणून नाकही मुरडू नये. तीन गोष्टी तपासाव्यात : छेद कशावरून मोजला, तोतये किती धरले आणि कसे, आणि वेगळ्या घडणीच्या दुसऱ्या प्रयोगाने काय सांगितले. या तीन प्रश्नांची उत्तरे बातमीत नसतील तर शोध अजून पुरा झालेला नाही असे समजावे आणि पुढच्या मोजमापाची वाट पाहावी.